वाळूखालचे पाणी

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, लॉस एंजेलिस आणि सान फ्रान्सिस्को या दोन महानगरांच्या साधारण मध्यावर, मोरो बे नावाची एक उथळ खाडी आहे. तिच्या मुखाशी ५७६ फूट उंचीचा एकाकी कातळ समुद्रातून सरळ वर आला आहे. पश्चिमेकडे वाळूचा एक लांब, अरुंद दांडा तिला महासागरापासून वेगळी करतो. ओहोटी लागली की चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले काळे ब्रँट हंस पाण्याखालच्या गवतावर चरताना दिसतात. या खाडीच्या दक्षिण टोकाला, वाऱ्याने युगानुयुगे रचलेल्या वाळूच्या टेकड्यांवर, लॉस ओसोस हे सुमारे १४,००० वस्तीचे गाव आहे. भुयारी गटाराच्या प्रश्नावर हे गाव १९८३ साली निघालेल्या एका सरकारी हुकुमापासून २०१६ साली शुद्धीकरण केंद्र सुरू होईपर्यंत, म्हणजे ३३ वर्षे, स्वतःशी आणि सरकारशी झगडत राहिले; हुकुमाच्या साली जन्मलेले मूल केंद्र सुरू झाले त्या साली स्वतः संसारी झालेले असेल.

जवळच्या सान लुइस ओबिस्पो शहरात माझ्या मुलीचे बिऱ्हाड असल्यामुळे या गावी जाण्याचा योग मला अनेकदा आला, आणि तिथल्या ग्रंथालयात बसून या प्रकरणाचे कागद वाचण्याची सवडही मिळाली. गटारासारख्या विषयात कोणाचे मन इतके कसे गुंतावे, असे वाचकांस वाटेल. परंतु माझे बालपण दक्षिण कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावात, पुळणीत खणलेल्या विहिरीच्या पाण्यावर गेले; ज्या वाळूतून पिण्याचे पाणी वर येते त्याच वाळूत मोरीचे आणि न्हाणीघराचे पाणी मुरते, हे मी रोज पाहत आलो, आणि इतकी वर्षे त्याचा विचार करावा असे मला कोणी सुचवले नाही. तो विचार मला समुद्रापलीकडच्या एका अपरिचित गावाच्या दप्तराने करायला लावला.

वाळूवर ओतलेले पाणी क्षणात दिसेनासे होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लॉस ओसोसची वस्ती दाट होत गेली तेव्हा, कितीतरी आधी कागदावर पाडून विकलेल्या अरुंद भूखंडांवर घराला घर लागून उभे राहिले, आणि प्रत्येक मिळकतदाराने आपल्या अंगणात एक सेप्टिक टाकी आणि तिच्यापुढे पाणी मुरण्याची जागा करून घेतली. दोनचार घरांच्या वाडीला ही व्यवस्था निर्दोष असते. मैला टाकीत कुजतो, पाणी खाली झिरपते आणि वाळू त्यातले पुष्कळसे जंतू अडवते. तशा सुमारे ५,००० टाक्या एका लहानशा क्षेत्रात दाटीवाटीने बसल्या म्हणजे मात्र वाळूला जे अडवता येत नाही ते साचू लागते. मनुष्याच्या मूत्रातील नत्राचे आधी अमोनियात आणि मग, हवा खेळणाऱ्या सैल वाळूतल्या सूक्ष्म जीवांच्या क्रियेने, नायट्रेटमध्ये रूपांतर होते. हे नायट्रेट वाळूच्या कणांना चिकटत नाही. पाणी जाईल तिकडे ते जाते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. आणि ज्या घरात बाटलीचे दूध अशा पाण्यात कालवले जाते तिथल्या तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती क्षीण होऊन अर्भक निळसर पडते. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा तिथल्या कायद्याने घातलेली आहे, आणि आपल्याकडच्या भारतीय मानकातही नेमका हाच आकडा आहे.

गावाला दुसरे पाणी असते तर गोष्ट वेगळी होती. तसे पाणी नाही. लॉस ओसोसला बाहेरून येणारा कालवा नाही, धरणाची नळवाहिनी नाही. वर्षाकाठी जो १७–१८ इंच पाऊस पडतो त्यातले जे काही वाळूत मुरेल तेवढेच त्याच्या मालकीचे. आमच्या कोकणात याच्या सहासातपट पाऊस पडतो, आणि तरीही वैशाखात बायकांना कळशी घेऊन डोंगर उतरावा लागतो, कारण जांभ्याच्या सच्छिद्र खडकातून ते पाणी दिवाळीपर्यंत वाहून गेलेले असते. तेव्हा पावसाच्या आकड्यावरून पाण्याची श्रीमंती ठरत नाही. भूमी किती धरून ठेवते आणि आपण तिच्यातून किती उपसतो, यावर ती ठरते.

लॉस ओसोसच्या खाली हे पाणी दोन थरांत आहे. वरचा थर उथळ, मोकळ्या वाळूतला, खालचा खोल, आणि दोहोंच्या मध्ये चिकणमातीचा पडदा. टाक्यांचे पाणी वरच्या थरात उतरले आणि तो बिघडला. तो बिघडला म्हणून पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थांनी आपला उपसा खालच्या थरावर नेला. खालच्या थराचे पश्चिम अंग समुद्राखाली गेलेले आहे; तिथे गोड्या पाण्याचा दाब जोवर पुरेसा असतो तोवर खारे पाणी थोपून राहते, आणि दाब घटला की ते मुकाट्याने आत सरकू लागते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलके असल्यामुळे त्यावर तरंगत असते, आणि समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर तिच्याखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी आधारलेले असते, हा हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडच्या वाळूच्या किनाऱ्यावर मांडला गेला. या हिशेबाची दुसरी बाजू भयंकर आहे: वरची पातळी एका फुटाने उतरवली तर खालून चाळीस फूट गमवावे लागतात. अशा रीतीने एका गावाच्या अंगणातली घाण वरून खाली उतरत असताना महासागराचे मीठ पश्चिमेकडून आत येत होते, आणि मधल्या पाण्यावर १४,००० माणसे जगत होती. गटाराचा प्रश्न आणि पाण्याचा प्रश्न असे दोन प्रश्न या गावाला कधी नव्हतेच.

हे वाचताना मला आमच्या परसातली विहीर आठवत असे. तिचे पाणी भरती-ओहोटीबरोबर बोटभर चढत-उतरत असे, आणि चैत्र सरता सरता ते मचूळ लागू लागले की घरातली वडीलधारी मंडळी विहिरीला विसावा देत. सकाळी पिण्यापुरते शेंदून रहाटाचा दोर काढून ठेवीत आणि माडांचे शिंपणे संध्याकाळवर टाकीत. हॉलंडचा हिशेब त्यांच्या कानावर गेला नव्हता; अनुभवाने त्यांना एवढे कळले होते की विहीर ओढली तर समुद्र येतो. पुढे वीज आली, पंप बसला, आणि रहाट अडगळीत गेला. पंपाने बायकांच्या हातांचे कष्ट वाचवले हे मी विसरत नाही, आणि ते कष्ट पुन्हा कोणाच्या वाट्याला यावेत असे मला वाटत नाही. परंतु दोर ओढणाऱ्या हाताला पाणी किती खाली गेले हे जसे रोज कळत असे, तसे कळ दाबणाऱ्या बोटाला कळत नाही, हेही खरे आहे.

१९८३ साली विभागीय जलगुणवत्ता मंडळाने ठराव करून गावाच्या मध्यभागातील दाट वस्तीत टाक्यांमधून भूमीत पाणी सोडण्यास मनाई केली आणि व्यवस्था करण्यासाठी १९८८च्या नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली. मुदत संपली, गटार झाले नाही, आणि मनाई अमलात येऊन नव्या घरांचे परवाने बंद पडले. दरम्यान सान लुइस ओबिस्पो काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा कारभाराने, योजना आखाव्या, खर्चाचे अंदाज वाढत जावे, हरकती आणि फिर्यादी दाखल व्हाव्या, असा काळ गेला. १९९८ साली गावाने काउंटीच्या हातून हा कारभार काढून घेण्यासाठी मतदान करून स्वतःचे सेवा मंडळ स्थापन केले. आपल्या सोयीची, स्वस्त, तळ्यांच्या साखळीने पाणी शुद्ध करणारी योजना आपण करू, ही त्यामागची आशा होती. ती योजना तपासणाऱ्या सरकारी खात्यांपुढे टिकली नाही, आणि त्याच मंडळाला शेवटी नेहमीच्या पद्धतीचे केंद्र हाती घ्यावे लागले. त्याची जागा ठरली गावाच्या मधोमध, जिथून ग्रंथालय आणि प्रार्थनामंदिर हाकेच्या अंतरावर होते.

२००५ साली यंत्रे येऊन काम सुरूही झाले. सप्टेंबरच्या २७ तारखेला गावाने मतदान करून मंडळाच्या तीन सभासदांना थोड्याशा मतांच्या फरकाने परत बोलावले, आणि जागेचा निर्णय गावाच्या कौलाशिवाय होऊ नये असा प्रस्ताव त्याच मतपेटीतून संमत केला. नव्या मंडळाने काम थांबवले. राज्याने मंजूर केलेले सुमारे १३.५ कोटी डॉलरांचे कर्ज त्याबरोबर गेले. कंत्राटदारांचे दावे उभे राहिले. जलगुणवत्ता मंडळाने ६६ लाख डॉलरांचा दंड ठोठावला. आणि २००६च्या ऑगस्टमध्ये सेवा मंडळाने दिवाळे जाहीर करण्यासाठी न्यायालयात अर्ज केला.

या ठिकाणी मला थोडे थांबावेसे वाटते, कारण ही हकीकत सांगणारे बहुतेक जण येथे एका पक्षाला शहाणा आणि दुसऱ्याला हटवादी ठरवून पुढे जातात. मला तसे करता येत नाही. विरोध करणाऱ्यांत मोठा भरणा वृद्धांचा होता. निवृत्तिवेतनावर जगणारी, आयुष्यभराच्या कष्टाने घेतलेले छोटे घर एवढीच मिळकत असलेली माणसे ती. त्यांना दरमहा २०० डॉलरांच्या आसपास, मरेपर्यंत, द्यावे लागतील असे सांगितले गेले, आणि ते देता आले नाही तर घर विकण्यावाचून मार्ग नाही हे त्यांचे त्यांना उमगत होते. केंद्र गावाच्या मध्यभागी नको, गावाबाहेर असावे, ही त्यांची मागणी अडाणीपणाची नव्हती. शेवटी केंद्र झाले ते पूर्वेला, गावाबाहेर, शेतजमिनीच्या बाजूलाच झाले. उलट, काम थांबवू नका असे म्हणणारेही स्वार्थी नव्हते. खाडीत कालवांची शेती होत होती आणि जंतूंच्या भीतीने ती वेळोवेळी बंद ठेवावी लागत होती. प्रत्येक वर्षाच्या दिरंगाईने आणखी एका वर्षाचे नायट्रेट खाली उतरत होते. आणि खर्चाचा आकडा थांबण्याने कधी कमी झाला नव्हता. दोन्ही बाजूंची माणसे त्या खाडीवर प्रेम करणारी होती, असे मी ते कागद वाचून खात्रीने म्हणतो. एकमेकांविषयी त्यांनी जे लिहिले ते वाचताना मात्र मन खिन्न होते, कारण शेजाऱ्याचा हेतू वाईट आहे असे एकदा ठरल्यावर त्याने दाखवलेला आकडाही खोटा वाटू लागतो, आणि मग सत्य ठरवायला गावात कोणी उरत नाही.

२००६ साली जलगुणवत्ता मंडळाने जे केले त्याचे समर्थन मला करवत नाही. संबंध गावाच्या हातून घडलेल्या कसुरीसाठी त्याने सोडत काढावी तशी नावे काढून ४५ घरांवर, टाकीतून पाणी सोडणे बंद करा, असे हुकूम बजावले. गटार नसताना टाकी बंद करणे म्हणजे घर सोडणे; आणि शेजारच्या घरातली टाकी तशीच पाझरत असताना या ४५ कुटुंबांनी रात्री कशा काढल्या असतील याची कल्पना ज्याला म्हणून घर आहे त्याला करता येईल. कायद्याचा वचक बसावा हा उद्देश असेल. पण जे दुःख सर्वांनी मिळून वाटून घ्यायचे ते चिठ्ठी टाकून काहींच्या माथी मारणे हा न्याय नव्हे.

त्यानंतर राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून हे काम पुन्हा काउंटीकडे सोपवले, आणि २००७ साली मिळकतदारांनीच, सुमारे ८० टक्के मतांनी, आपल्या घरांवर सरासरी २५,००० डॉलरांचा बोजा चढवून घेण्यास संमती दिली. हा आकडा मला या साऱ्या इतिहासात सर्वांत विचारप्रवृत्त करणारा वाटतो. दोनच वर्षांपूर्वी ज्यांनी काम बंद पाडले होते त्यांतल्याही अनेकांनी या वेळी अनुकूल मत दिले असले पाहिजे, त्याशिवाय इतकी मते भरत नाहीत. भीतीने दिले असेल, थकव्याने दिले असेल, समजून दिले असेल, पण दिले. २०१० साली किनारा आयोगाची मंजुरी मिळाली, २०१२ साली रस्ते खोदले जाऊ लागले. चर खणण्याआधी जीवशास्त्रज्ञ झुडपांतून हिंडून तिथल्या एका दुर्मिळ, कायद्याने संरक्षिलेल्या गोगलगायी वेचून सुरक्षित जागी नेत. आणि हजारो वर्षे या खाडीकाठी राहिलेल्या चुमाश लोकांचे अवशेष मातीतून वर येतील म्हणून त्यांचे प्रतिनिधी खोदकामावर हजर असत. २०१६च्या वसंतात केंद्र सुरू झाले. एकंदर खर्च १८ कोटी डॉलरांच्या वर गेला होता.

मग एक अडचण उभी राहिली, जी मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. इतकी वर्षे ज्या टाक्यांनी वरचा थर बिघडवला त्याच टाक्या त्या थराला पाणीही पुरवीत होत्या. घराघरांतून वापरलेले पाणी पुन्हा वाळूत जात होते, आणि आता ते नळांतून गावाबाहेर जाणार होते. घाण बंद करताना पुनर्भरणही बंद पडले असते आणि समुद्राला आणखी वाट मिळाली असती. म्हणून शुद्ध केलेले पाणी समुद्रात सोडून न देता गावाच्या दक्षिणेच्या उंच वाळूवर आणून, ब्रॉडरसन नावाच्या जागी, पुरलेल्या सच्छिद्र नळ्यांतून ते पुन्हा भूमीत मुरवण्याची योजना झाली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात मोठे अवर्षण पडले होते. नव्या जोडणीबरोबर जुने शौचकूप आणि फवारे बदलून कमी पाण्याचे बसवणे प्रत्येक घराला सक्तीचे झाले, आणि घरातला वापर माणशी दिवसाला ५० गॅलन, म्हणजे साधारण १९० लिटर, इतका खाली आणण्याचे ध्येय ठरले. आपल्या जलजीवन योजनेत ग्रामीण माणसाला दिवसाला ५५ लिटर मिळावेत असे धरले आहे, हे वाचकांनी त्या आकड्याशेजारी ठेवून पाहावे. २०१५ साली न्यायालयाच्या संमतीने तिन्ही पाणीपुरवठा संस्था आणि काउंटी यांच्यात उपसा कुठून, किती करावा याचा तहनामा झाला, आणि विहिरी किनाऱ्यापासून आत, पूर्वेकडे सरकवण्याचे धोरण ठरले.

परंतु वाळूचा काळ मनुष्याच्या काळाशी जुळत नाही. १९७५ साली एखाद्या अंगणात मुरलेले नायट्रेट आज कुठे तरी खाली वाटेवर आहे. टाक्या बंद झाल्या म्हणून ते थांबत नाही, ते त्याच्या गतीने वाहून, पातळ होत होत जाईल, आणि वरचा थर पुरता निर्मळ होण्यास दशके लागतील. समुद्राने एकदा घेतलेला थर परत मिळवणे तर त्याहून मंद काम आहे. निवडणूक ठरावीक वर्षांनी येते, कर्ज तीसचाळीस वर्षांत फिटते, अंदाजपत्रक दर साली होते. भूमीखालच्या पाण्याला यांपैकी कोणतीही मुदत ठाऊक नाही. २००७ साली मत देणाऱ्या सत्तरीच्या वृद्धांनी जे पाणी आपल्या हयातीत पिण्याची शक्यता नव्हती त्यासाठी आपल्या घरावर बोजा घेतला, आणि त्यांना हे समजावून सांगणारे शब्द कोणाकडेही नव्हते. त्यांना केवळ दंडाची भीती दाखवली गेली आणि महिन्याचा आकडा सांगितला गेला. माझी तक्रार आहे ती एवढीच. त्या माणसांपुढे खरी गोष्ट मांडली असती, की हा पैसा तुमच्यासाठी नाही, नंतर येणाऱ्या कोणासाठी आहे, आणि ज्यांना तो झेपत नाही त्यांचा भार बाकीचे उचलतील, तर ती माणसे लवकर तयार झाली असती असे मला वाटते. निदान तसा प्रयत्न व्हावयास हवा होता.

रिकाम्या भूखंडांच्या मालकांची कथा मी येथे ओझरतीच सांगतो. १९८८ पासून त्यांना बांधण्यास मनाई, कर मात्र चालू. २०२४ साली गावाच्या विकासाचा आराखडा किनारा आयोगाने मंजूर केल्यावर त्यांच्यासाठी दार थोडेसे उघडले. किती उघडावे हे पाणी किती आहे त्यावर ठरायचे आहे. त्या मालकांपैकी पुष्कळ जण आता वारसांच्या नावाने ओळखले जातात.

आमच्या गावी गेल्या काही वर्षांत खाडीकाठाला पर्यटकांसाठी घरे उठली आहेत. प्रत्येकामागे सेप्टिक टाकी आहे, प्रत्येकापुढे कूपनलिका आहे, आणि ग्रामसभेत कधी गटाराचा विषय निघाला तर तो जागेवरून तहकूब होतो. पुळण तीच आहे, थर मात्र तितका जाड नाही. गणपतीत घरी जाणाऱ्या माझ्या पुतण्याला मी सविस्तर पत्र लिहिले आहे: परसातल्या विहिरीचे पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नेऊन त्यातले नायट्रेट आणि क्षार तपासून घ्यावेत, तीच तपासणी वैशाखात पुन्हा करावी, दर अमावास्येला, ओहोटीच्या वेळी, कठड्यापासून पाणी किती खाली आहे ते दोरीने मोजावे, आणि सारे आकडे तारखेसह एका वहीत लिहावेत. शेजारच्या दोन घरांनाही विचारावे, असे मी खाली जोडले आहे. वही जाड घे, म्हणूनही लिहिले आहे.